ऑलिंपिकच्या यादीत पुळणीवरची कुस्ती मागा

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
भारतीय ऑलिंपिक संघ, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

2036 च्या ऑलिंपिकचं यजमानपद भारताने मागितल्यापासून आमच्याकडे चहाच्या टपरीपासून शाळेच्या शिक्षक खोलीपर्यंत जो तो आपापली यादी घेऊन बसलाय. कबड्डी हवी, खो-खो हवा, मल्लखांब हवा. शनिवार-रविवार मुंबईहून दापोलीला येणारी जिममधली पोरं म्हणतात, जुजित्सू हवं. कुणाला उझबेकांचं कुराश हवं, कुणाला रशियाचं सांबो. हे सगळे धरून पाडायचे, पकडीचे खेळ. यजमान देशाला काही खेळ सुचवता येतात हे टोकियो 2020 पासून सगळ्यांना कळलंय, त्यामुळे मागण्यांना उधाण आलंय. मी दापोली तालुक्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो. संध्याकाळी अजूनही गावातल्या पोरापोरींना पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, कुस्ती शिकवतो. माझी मागणी या सगळ्यांपेक्षा लहान आहे. तिच्यासाठी नवा महासंघ लागत नाही आणि नवं स्टेडियमही लागत नाही.

लांबलचक पत्राच्या शेवटापर्यंत कुणी पोचत नाही, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. पकडीच्या खेळांसाठी ऑलिंपिकमध्ये आणखी नव्या जागा मागू नका. जी कुस्ती तिथे आहे, तिच्यातच वाळूवरच्या कुस्तीला दोन गट मागा, एक पुरुषांचा आणि एक महिलांचा. युनायटेड वर्ल्ड रेसलिंग ही जागतिक संघटना याच प्रकाराला बीच रेसलिंग म्हणते आणि त्याच्या स्पर्धाही भरवते. म्हणजे मी काही हवेतून काढलेलं नाही.

आता सविस्तर.

अंगाला अंग भिडवून एकमेकाला पाडायचं, हे ऑलिंपिकमध्ये असावं का, असा प्रश्न अधूनमधून कुणी ना कुणी काढतो. प्राचीन ऑलिंपियात इसवीसनपूर्व 708 पासून कुस्ती होती. 1896 साली अथेन्सला आधुनिक खेळ सुरू झाले तेव्हाही होती. वजनगट नव्हतेच, सगळ्यांची एकच झुंज, आणि ती जिंकली कार्ल शुमान या जर्मन जिम्नॅस्टने. पॅरिस 2024 मध्ये एकूण 329 सुवर्णपदकं होती. त्यात कुस्तीची 18 आणि ज्युदोची 15, म्हणजे 33. ऑलिंपिकच्या सोन्याचा दहावा हिस्सा आजच पकडीच्या खेळांकडे आहे. एवढं पदरात असताना आणखी चार प्रकारांसाठी झोळी पसरली तर समोरचा आहे तेच मोजायला लागेल. त्याने एकदा ते मोजलंही आहे.

फेब्रुवारी 2013. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने 2020 च्या मुख्य खेळांतून कुस्ती वगळायची शिफारस केली. आमच्याकडे तेव्हा लोक म्हणाले, हा पाश्चात्त्यांचा कट आहे. मला तसं वाटलं नाही. त्या काळचे नियम आठवा. दोन-दोन मिनिटांचे डाव, तीनपैकी दोन जिंकायचे. डाव शून्य-शून्य सुटला की पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा आणि ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय आयता धरायला द्यायचा. एखादा मल्ल एकूण गुण जास्त घेऊनही हरायचा. वर्गातल्या पोरांना हे समजावताना माझी भंबेरी उडायची, मग टीव्हीसमोर बसलेल्या माणसाची काय गत! कुस्तीने पुढच्या सात महिन्यांत जे केलं ते मात्र वाखाणण्यासारखं होतं. संघटनेचा अध्यक्ष बदलला, चेंडू गेला, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांची सरळ बेरीज आली, महिलांचे वजनगट चारावरून सहा करायचं ठरलं. सप्टेंबरमध्ये ब्वेनोस आयरेसला मतदान झालं, त्यात कुस्तीला 49 मतं, बेसबॉल-सॉफ्टबॉलला 24 आणि स्क्वॉशला 22. कुस्ती राहिली.

यातून मी एक कसोटी उचलली आणि आजही ती सोडलेली नाही. पकडीचा खेळ ऑलिंपिकमध्ये शोभतो की नाही, हे तो किती जुना किंवा किती खडतर आहे यावरून ठरवू नये. कडेला उभ्या असलेल्या, ज्याने तो कधी खेळलेला नाही अशा माणसाला कोण जिंकलं हे पंचाचा हात वर जाण्याआधी कळतं का, ते पाहावं. पाठ टेकली की चित. आमच्या जत्रेतल्या फडाला याहून जास्त नियमावली कधी लागली नाही.

ही कसोटी सोडली की काय होतं, त्याचा नमुना 1912 चा आहे. स्टॉकहोमला ग्रीको-रोमनच्या, म्हणजे कंबरेखाली न धरायच्या शैलीच्या, मध्यम वजनगटात मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनेन भिडले आणि 11 तास 40 मिनिटं झुंजत राहिले. क्लाइन जिंकला, पण इतका पिळून निघाला होता की अंतिम लढतीला उभाच राहू शकला नाही. सोनं स्वीडनच्या क्लास योहान्सनकडे गेलं. हा किस्सा शौर्यकथा म्हणून सांगतात. मला त्यात शौर्यापेक्षा नियमांचा गोंधळ जास्त दिसतो.

ज्युदोचंही तेच. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, 1909 मध्ये ते ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले, तरी ज्युदो यायला 1964 चं टोकियो उजाडावं लागलं. तिथे खुल्या गटात नेदरलँड्सच्या अँटन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला जपान्यांच्या डोळ्यांदेखत दाबून धरलं. जपान हळहळला, पण ज्युदो जगाचा झाला तो त्या दिवशी. 1968 ला तो वगळला गेला, 1972 ला परत आला. त्यानंतरचा ज्युदोचा इतिहास म्हणजे प्रेक्षकाला कळावं म्हणून चाललेली नियमांची काटछाट: कोका आणि युको हे छोटे गुण गेले, युको परत आला, पाय धरायला बंदी झाली. शेवटची बंदी मला पटत नाही. पट काढू न देणं म्हणजे अर्धी विद्या बाद करणं. पण इप्पॉन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, पडला की सभागृहातलं लहान मूलही ओरडतं, हे कबूल केलंच पाहिजे.

आता जुजित्सूवाल्यांकडे येतो. त्यांच्यावर माझा राग नाही. गेल्या दिवाळीत त्यातल्या एका पोराने मला जमिनीवर असा काही गुंतवला की सुटायला हातावर थाप मारावी लागली, आणि मी त्याला मनापासून शाबासकी दिली. विद्या अस्सल आहे. पण ती आली कुठून? कानोंच्या कोदोकानचा मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला गेला, त्याने ग्रेसी घराण्यातल्या मुलाला शिकवलं, तिथून ब्राझिलियन जुजित्सू. सांबोची एक मोठी शाखाही कोदोकानला शिकलेल्या वासिली ओशेपकोव्हकडून फुटली. उझबेकांचं कुराश स्वतंत्र आणि जुनं, पण त्यातही अंगरख्याला धरून पाडायचंच. हे सगळे चुलतभाऊ आहेत, आणि प्रत्येक चुलतभाऊ सातबाऱ्यावर वेगळं नाव मागतोय. त्यात जुजित्सूची एक अडचण आणखी आहे. लढतीचा निम्मा वेळ एकजण पाठीवर पडलेला असतो आणि तोच वरचढ असू शकतो. खेळणाऱ्याला यात बुद्धिबळाची मजा येते. पण माझ्या कसोटीवर ते नापास. जुजित्सू आणि कुराश 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत होते, कुराशमध्ये आपल्या मुलींनी पदकंही आणली, त्यात बेळगावकडची मलप्रभा जाधव होती. आशियाई खेळांत ते राहावेत, वाढावेत. ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या संख्येला मात्र मर्यादा आहे, आणि कराटेची गत आपण पाहिलीच: टोकियोला आलं, पॅरिसला गेलं.

मग वाळूवरची कुस्ती का?

एक तर तिचे नियम पोस्टकार्डावर मावतात. वाळूत सात मीटर व्यासाचं वर्तुळ. तीन मिनिटांची लढत. अनवाणी, उभ्याने. समोरच्याला वर्तुळाबाहेर काढलं किंवा खाली आणलं की एक गुण, पाठीवर टाकलं की तीन. तीन गुण झाले की लढत संपली. जमिनीवरची लांबण नाही. पडला की पुन्हा उभं राहायचं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जगभरच्या गावठी कुस्त्या पाहा. सेनेगलची कुस्ती, तिला तिथे ‘लांब’ म्हणतात, वाळूत होते आणि ती तिथली राष्ट्रीय करमणूक आहे. कोरियाची सिरुम वाळूच्या रिंगणात होते. 2018 मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाने मिळून तिची युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद करून घेतली, एरवी हे दोघं कुठल्या कागदावर एकत्र सही करतात? सुमोत पायाच्या तळव्याशिवाय काहीही टेकलं की हार. या सगळ्यांचा जो समान गाभा आहे, उभ्याने धर आणि पाड, तोच वाळूवरच्या कुस्तीचा नियम. म्हणजे दहा देश दहा वेगळ्या शैली घेऊन ऑलिंपिकच्या दारात रांग लावण्यापेक्षा या एका वर्तुळात सगळे उतरू शकतात. आपली मातीतली पोरंही.

2026 च्या ऑक्टोबरअखेर डाकारला युवा ऑलिंपिक भरणार आहे आणि त्यात कुस्ती आहे ती वाळूवरचीच. तेव्हा प्रयोग आधीच ठरलाय. भारताने फक्त त्याच्या मागे उभं राहायचं आहे. पायंडाही जुना आहे. व्हॉलीबॉलच्याच महासंघाने बीच व्हॉलीबॉल 1996 ला अटलांटात आणलं, तेव्हा त्यालाही लोक सुट्टीतला टाइमपास म्हणत होते. 2024 ला त्याचं मैदान आयफेल टॉवरच्या पायथ्याशी होतं आणि तिकिटांसाठी मारामार. 2036 साठी पुढे केलेल्या अहमदाबादला समुद्र नाही, असं कुणी म्हणेल. पॅरिसलाही नव्हता, वाळू आणून टाकली, आणि लाटांवरचं सर्फिंग थेट ताहितीला नेलं.

आमच्या पुळणीवर हे कसं चालतं ते थोडं सांगतो, म्हणजे कागदावरची कल्पना वाटणार नाही. ओहोटी लागली की पाण्यालगतची वाळू फरशीसारखी कडक असते, तिथे पडलं तर कंबरडं मोडेल. वरची कोरडी वाळू इतकी भुसभुशीत की पाय घोट्यापर्यंत आत. आम्ही मधला पट्टा निवडतो, जिथे सकाळच्या भरतीची ओल अजून असते. फावड्याने वीतभर खणून वाळू मोकळी करायची, शिंपले, कालवांच्या कवच्या आणि पर्यटकांच्या बाटल्यांच्या काचा वेचायच्या. या काचांवर एक स्वतंत्र पत्र लिहायचंय, पण ते तुम्हाला नाही. मग मधोमध खुंटी, साडेतीन मीटर दोरी, फिरवली की आखाडा तयार. शाळेच्या हॉलमधली मॅट आमच्याकडे जुलैत बुरशीने हिरवी होते आणि तिचा वरचा पापुद्रा सुटतो. नवी घ्यायची तर लाखांचा मामला. मातीचा हौदा करावा तर इथली जांभ्याची माती खडे घेऊनच येते. कोकणात कुस्ती घाटासारखी का फोफावली नाही, याची कारणं लोक रक्तात आणि आहारात शोधतात. मला ती बरीचशी या मातीत आणि पावसात दिसतात.

मागच्या मोसमात घाटावरच्या तालमीतली एक मुलगी मामाकडे आली होती. मॅटवर तयार झालेली, चपळ. आमच्यातली एक खारव्याची पोर तिच्यासमोर उभी केली. पाहुणी सलामी झाल्या झाल्या एकेरी पटाला झेपावली. मॅटवर तो पट बसला असता, वाळूत मागचा पाय रुतला आणि झेप अर्ध्या हातावर थांबली. आमचीने घाई केली नाही. खडाखडीत तिचा दंड काखेत घेतला, कंबर आत घातली आणि ढाक लावली. पाहुणी पूर्ण फिरून पाठीवर. पंच म्हणून उभा असलेला मी अजून हात उचलतोय तोवर मागून पाटी घेऊन चाललेल्या एका म्हातारीने निकाल देऊन टाकला होता: "पाडलान गो, पाडलान!" तिने आयुष्यात कधी कुस्तीचा पास काढलेला नाही.

वाळू हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे असं मी म्हणणार नाही. रुतलेल्या पायावर अंग फिरलं की घोटा मुरगळतो, गुडघाही. डोळ्यांत वाळू जाते. आणि आमची पोरं इथे जन्मली म्हणून पदकं आणतील, या भ्रमातही मी नाही. हरियाणाची पोरं दोन महिने सराव करून आमच्यांना वाळूत लोळवतील. लोळवू देत. आज आमच्या पोरांना लोळवायलासुद्धा कुणी येत नाही.

जागा कुठून काढायची, हे विचारलं जाईलच. पॅरिसला कुस्तीचे 12 गट पुरुषांचे होते, 6 महिलांचे. पुरुषांच्या बारांत सहा ग्रीको-रोमन, ज्यात महिलांना प्रवेशच नाही. ही शैली प्राचीन म्हणून मिरवते, पण आज आहे तशी ती एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये घडली. त्यातले दोन गट कमी करा आणि वाळूवर एक पुरुषांचा, एक महिलांचा द्या. एकूण आकडा 18 च राहतो, महिलांचे गट सातावर जातात. ग्रीको-रोमनमध्ये भारताला आजवर ऑलिंपिक पदक नाही, म्हणून माझं हे म्हणणं आपमतलबी वाटेल. थोडं आहेच. 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मातीवर तयार झालेलं अंग घेऊन मॅटवर कांस्य आणलं. कुस्तीत त्यानंतर महाराष्ट्राकडे ऑलिंपिक पदक आलेलं नाही. आमच्यासारख्यांना आपमतलब सुचायला एवढं कारण पुरे.

कबड्डीबद्दल चार ओळी लिहिल्या नाहीत तर गावात मला पाणी मिळणार नाही. कबड्डीही पकडीचाच खेळ. चवडा, घोटा, साखळी, सगळं अंगावरचं. 1936 ला बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तुम्ही ती 2036 साठी मागणारच, आणि मागा. पण तो सांघिक खेळ आहे, त्याचा महासंघ वेगळा, त्याची वाट वेगळी आणि लांब. माझ्या मागणीशी तिचं भांडण लावू नका.

एक गोष्ट मात्र तुमच्याच अखत्यारीतली आहे आणि ती नियमांपेक्षा अवघड आहे. 2023 मध्ये महिला मल्ल जंतरमंतरवर बसल्या, भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत. त्याच वर्षी निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने आपला महासंघ निलंबित केला आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याविना उतरले. हे सगळं आमच्या वाडीवरच्या आयांनी मोबाइलवर पाहिलंय. मुलीला तालुक्याबाहेर स्पर्धेला न्यायचं म्हटलं की त्या मला विचारतात, सोबत बाई कोण आहे, रात्री राहणार कुठे, तक्रार करायची तर कुणाकडे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देतो. तिसऱ्याचं उत्तर तुमच्याकडून लेखी, मराठीत, नाव आणि फोन नंबरसकट हवं आहे, म्हणजे ते शाळेच्या फळ्यावर लावता येईल.

वजनाचाही विचार व्हावा. पॅरिसला विनेश फोगाट 50 किलोच्या अंतिम लढतीच्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरली आणि सगळंच गेलं. वाळूवरच्या कुस्तीत वरिष्ठ पुरुषांचे आणि महिलांचे प्रत्येकी चारच वजनगट आहेत, अंतर मोठं. नवीन प्रकार आणताना वजन घटवण्याची ही उपासमार त्यात शिरू नये म्हणून आधीच नियम मागता येतील. पुढे मागून उपयोग नसतो.

शेवटी व्यवहाराचं. राष्ट्रीय निवड चाचणी किनाऱ्यावर घ्या आणि ती कोकणात घ्यायची झाली तर तारखा आम्हाला विचारून ठरवा. जूनपासून पुळण निम्मी समुद्रात असते. नोव्हेंबर ते मार्च हवा चांगली, पण तेव्हाच वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. तिथे प्रकाशझोत आणि मंडप नकोत, सामने दिवसा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर घ्या. उधाणाच्या भरतीचे दिवस टाळा, नाहीतर पाहुणे, पंच आणि वर्तुळ एकदमच वाहून जाईल. ओहोटीची वेळ पाहून तीन-चार तासांचा सलग पट्टा मिळतो, तेवढ्यात दिवसाच्या लढती होतात. भरतीचं वेळापत्रक मी पाठवीन. फावडी, घमेली आणि दोरी आमच्याकडे आहेत. वजनकाटा प्रमाणित हवा, तो येताना घेऊन या.

कळावे,
आपला,
पुळणीवरच्या तालमीचा वस्ताद
(निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, ता. दापोली, जि. रत्नागिरी)